घरच्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क: निवड, जोडणी आणि पहिली रात्र

घरी कॉम्प्युटर जोडताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आठवडाभर खल होतो, आणि हार्ड डिस्क मात्र ‘चार टीबीची घे कुठलीतरी’ म्हणून उरकली जाते. प्रोसेसर गेला तर नवा आणता येतो. डिस्कवरचे फोटो गेले की गेले. म्हणून थोडा वेळ इथे घाला.

पहिली गोष्ट, या डिस्कवर विंडोज किंवा लिनक्स टाकायचं नाही. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या) डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत होते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी ४ मिलिसेकंद वाट बघावी लागते. हेड योग्य ट्रॅकवर (डिस्कवरच्या गोल पट्टीवर) सरकायला आणखी ८-९ लागतात. इकडची एक फाइल, तिकडची एक, असं वाचायचं झालं तर सेकंदाला जेमतेम ऐंशी ठिकाणं गाठता येतात. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना नेमकं हेच करते, म्हणून ती एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर. पण एकच मोठा व्हिडिओ सलग वाचायचा असेल तर हीच डिस्क सेकंदाला १५० ते २५० एमबी सहज देते. फोटो, व्हिडिओ, बॅकअप हे तिचं खरं काम. त्यासाठी ५४०० आरपीएमचीही चालते. आवाज कमी, तापते कमी.

आरपीएमपेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. हे माहिती लिहिण्याचे दोन प्रकार. सीएमआरमध्ये ट्रॅक शेजारी-शेजारी सुटे असतात. एसएमआरमध्ये ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी ओळ उचलून पुन्हा लावावी लागते. त्यामुळे मोठी कॉपी सुरुवातीला झकास पळते, आणि आतली राखीव जागा भरली की वेग एकदम कोसळतो. लोक केबल बदलतात, ड्रायव्हर बदलतात, आणि डिस्क तर बिचारी ठणठणीत असते. एकदा भरून ठेवून द्यायच्या बॅकअपला एसएमआर चालेल. रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणं) किंवा नासमध्ये (नेटवर्कवरून वापरायची साठवणपेटी) अजिबात नको. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं. पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या डेटाशीटमध्ये ‘रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी’ची ओळ शोधा. एका अक्षराच्या फरकाने प्रकार बदलतो.

विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघा. हल्लीच्या काही कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कसाठी एकच जागा असते, काहींत तीही नाही. आणखी एक गोम सहसा कोणी सांगत नाही: जास्त क्षमतेच्या बऱ्याच डिस्कच्या बाजूला मधलं स्क्रूचं भोक नसतं, कारण आत प्लेट्सची दाटी असते. जुन्या कॅबिनेटचा ट्रे नेमका त्याच भोकावर भिस्त ठेवून बनवलेला असेल तर डिस्क लटपटते. मदरबोर्डचं मॅन्युअलही चाळा. अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरच्या लांबट खाचेत) एसएसडी बसवली की एखाद-दोन साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची केबल लावायच्या जागा, बंद पडतात. ‘नवी डिस्क दिसतच नाही’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण.

आता जोडणी. कॉम्प्युटर बंद करून वीज काढा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, मग डिस्क पाकिटातून काढा. धरायची ती दोन्ही कडांनी. खालच्या हिरव्या सर्किटला बोट लावू नका. झाकणावर बारीक छिद्र आणि ‘झाकू नये’ अशी सूचना असेल तर ते हवेचं छिद्र आहे, त्यावर टेप नको. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे ६-३२ स्क्रू लागतात, अडीच इंचीला बारीक आट्यांचे एम३. दोन्ही एकाच पुडीत येतात आणि चुकीचा स्क्रू जोर लावला की अर्धा आत जातोही. पहिले दोन वेढे नुसत्या बोटांनी बसले पाहिजेत. नाही बसले तर स्क्रू चुकीचा आहे. पेचकस हातात घेऊ नका. चार स्क्रू पुरतात. ट्रेला रबराचे वॉशर असतील तर ते चेपून सपाट होईपर्यंत आवळू नका, नाहीतर सगळी घरघर कॅबिनेटला मिळते.

साटाची डेटा केबल अरुंद, पॉवरची रुंद. दोन्हींची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी. सरळ दाबायची, हलवत-हलवत नाही. डिस्कवरची ती प्लास्टिकची जीभ तुटली की दुरुस्ती कटकटीची. कॅबिनेटचं झाकण केबलला कनेक्टरपाशीच दाबत असेल तर काटकोनी टोकाची केबल घ्या.

पॉवरच्या बाबतीत मात्र चूक महागात जाते. मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबल दुसऱ्या सप्लायला लावू नका, प्लग बसला तरीही. सप्लायकडच्या टोकाची पिनरचना वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क त्या क्षणी संपते. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनी पॉवर प्लगवरून) साटा करणारे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे अडॅप्टरही टाळा. त्यातल्या तारा साच्यात सरकून एकमेकींना टेकतात आणि जळतात.

विंडोज नव्याने टाकणार असाल तर तेवढ्यापुरती हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर इन्स्टॉलर कधीकधी बूटची फाइल तिच्यावर टाकतो, आणि पुढे ती डिस्क काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

डिस्क बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसते पण ‘धिस पीसी’मध्ये नाही? बिघाड नाही, ती कोरी आहे. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइझ करताना डिस्कचे भाग नोंदवायची जीपीटी पद्धत निवडा (जुन्या एमबीआर पद्धतीला सुमारे २.२ टीबीच्या पुढचं मोजता येत नाही), मग एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीत क्विक फॉरमॅट. ४ टीबीच्या जागी ३.६३ दिसेल. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. कोणी फसवलेलं नाही.

लगेच फोटो ओतू नका. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणीच्या प्रोग्रॅमने किंवा कंपनीच्या टूलने एक्स्टेंडेड टेस्ट (पूर्ण डिस्कची तपासणी) लावा आणि कॉम्प्युटरचा स्लीप मोड बंद करा. सरासरी १५० एमबीच्या वेगाने ४ टीबी वाचायला साडेसात तास लागतात, म्हणजे एक रात्र. सकाळी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब जागांच्या नोंदी असलेल्या ओळींची रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) बघा. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवीत. एकही हलली असेल तर डिस्क परत करा, ‘बघू पुढे’ नको. सी७ (डेटा पोहोचवतानाच्या चुकांची मोजणी) वाढलेला दिसला तर दोष बहुधा डेटा केबलचा. ती बदला आणि आकडा टिपून ठेवा: तो कमी कधीच होत नाही, फक्त पुढे वाढतोय का एवढंच बघायचं.