खालची ओळ आधी वाचा

२०१० च्या उन्हाळ्यात मी न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात उमेदवारी अर्जासाठी सह्या जमवायला क्लिपबोर्ड घेऊन उभी राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "तुम्ही या राज्याचे मतदार आहात का?" उमेदवार होते ग्रीन पार्टी या छोट्या पर्यावरणवादी पक्षाचे होवी हॉकिन्स. सिराक्यूज शहरात यूपीएस या कुरिअर कंपनीत रात्रपाळीला ट्रकमधला माल उतरवणारा हा कामगार गव्हर्नरपदासाठी उभा राहत होता. निवडून येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. आता पर्यावरण धोरण शिकायला अमेरिकेत निघालेली आपली मुलं-मुली मला विचारतात, "ताई, तिथे अशा प्रचारात काम करता येतं का? व्हिसाला अडचण येत नाही ना?" येतं काम करता, आणि जरूर करा. पण ज्या खड्ड्यात मी पडले तो आधी नीट दाखवते, बाकीचं नंतर.

तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, तो लोकांनी निवडलेला आणि राज्याचा कारभार हाकणारा असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्या भागाला त्या वर्षी त्याचा अर्थ फार जवळून कळत होता. राज्याच्या दक्षिण पट्ट्याखाली मार्सेलस शेल हा खडक आहे. तो पाणी, वाळू आणि रसायनांच्या माऱ्याने फोडून गॅस काढायचा, हे फ्रॅकिंग. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते जोरात चाललं होतं. २००५ च्या केंद्रीय कायद्याने फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षण कायद्यातून जवळजवळ पूर्ण सूट दिली होती. त्यामुळे गॅसची विहीर खोदायला परवाना द्यायचा की नाही हा निर्णय राज्याच्या पर्यावरण खात्याच्या हातात, आणि ते खातं गव्हर्नरच्या हाताखाली. मी चिपळूणची. लोटे-परशुरामच्या कारखान्यांचं पाणी दाभोळ खाडीत गेलं की मासेमारी करणाऱ्या घरांत काय होतं हे लहानपणापासून ऐकत आलेली. त्यामुळे इथाकाच्या शेतकऱ्यांनी घराबाहेर लावलेल्या फ्रॅकिंगविरोधी पाट्या बघून मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता कागदाकडे वळू. आपल्याकडे अपक्षाला विधानसभेला उभं राहायचं तर १० सूचक आणि १० हजारांची अनामत लागते (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी). एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. न्यूयॉर्कमध्ये अनामत नाही, पण ज्या पक्षाला मतपत्रिकेवर राखीव स्थान नाही त्याच्या उमेदवाराला तेव्हा १५ हजार मतदारांच्या सह्या आणाव्या लागत. वेळ फक्त सहा आठवडे. शिवाय अमेरिकी संसदेच्या (तिथे तिला काँग्रेस म्हणतात) राज्यातल्या निम्म्या मतदारसंघांतून प्रत्येकी किमान १०० सह्या हव्यात. बाद होणाऱ्या सह्या धरून दुप्पट जमवायच्या, असा तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांचा हिशेब असतो. सही मोडीत काढायला कारणं हवी तेवढी आहेत. मतदार याच राज्याचा हवा, आणि कॅम्पसवर तर निम्मी मुलं न्यू जर्सीत नाही तर मॅसॅच्युसेट्समध्ये नोंदलेली. त्याच पदासाठी आधी दुसऱ्या कोणाच्या अर्जावर सही केली असेल तर आपली बाद. आणखी एक रकाना असतो 'टाउन किंवा सिटी'चा. इथाका सिटी वेगळी आणि तिला वेढून असलेलं इथाका टाउन वेगळं, दोघांचा कारभार वेगळा. टपालाच्या पत्त्यावर मात्र दोन्हीकडे 'इथाका'च. माणूस कुठे राहतो हे विचारून घेतल्याशिवाय तो रकाना भरू देऊ नका.

हे सगळं मला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं. चुकले ते कागदाच्या तळाशी.

आमच्या प्रत्येक कागदावर सह्यांच्या १० ओळी होत्या आणि सगळ्यात खाली साक्षीदाराचं निवेदन. त्यात दोन गोष्टी असतात. एक, 'मी न्यूयॉर्क राज्याचा पात्र मतदार आहे.' दोन, 'वर सही करणाऱ्या प्रत्येकाने माझ्यासमोर, लिहिलेल्या तारखेला सही केली.' निवेदन खोटं निघालं तर शपथेवर खोटं बोलल्याची शिक्षा, हेही तिथेच लिहिलेलं असतं. मी एफ-१ व्हिसावरची विद्यार्थिनी, मतदार असण्याचा प्रश्नच नव्हता. मी ते वाचलं आणि दोन निवडणुकांत काम केलेल्या एका स्वयंसेवकाला विचारलं. तो म्हणाला, "तू फक्त सह्या आण. खालची जागा कोरी ठेव, रात्री मी सही करून टाकीन. सगळे असंच करतात."

मी विश्वास ठेवला. तीन आठवडे शेतकरी बाजारात, बसथांब्यावर, ग्रंथालयाच्या दारात उभी राहिले. २२ कागद, २१४ सह्या. मला तेव्हा चारचौघांत तोंड उघडायचीही भीती वाटायची, उच्चार चुकेल म्हणून घरी आरशासमोर वाक्यं घोकायचे. त्या २१४ सह्यांतली एकेक मी कशी मिळवली ते मला आजही आठवतं.

कागद तपासायचं काम एका निवृत्त शिक्षिका बाईंकडे होतं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गठ्ठे असायचे. त्या दिवशी तो स्वयंसेवक माझ्या कागदांखाली भराभर सह्या करत होता. बाई एकेक कागद उचलून तारखेच्या रकान्यावर बोट फिरवत होत्या. एका कागदावर बोट थांबलं. १७ जुलै. शनिवार, बाजाराचा दिवस. त्यांनी त्याला विचारलं, "सतरा तारखेला तू सिराक्यूजला होतास ना?" तो काही बोलला नाही. बाईंनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, माझे बावीसच्या बावीस कागद वेगळे केले, प्रत्येकावर तिरकी रेघ मारली आणि ते फायलीऐवजी कपाटातल्या खोक्यात टाकले. मग मला म्हणाल्या, "यातली एक सही खोटी निघाली की विरोधक बाकीच्या हजारांवर बोट ठेवणार. मी ते होऊ देणार नाही." मी रस्ताभर रडत घरी गेले.

हे मी इतकं उगाळते आहे याचं कारण सांगते. समजा मी ती जागा कोरी न ठेवता स्वतःच सही ठोकली असती. तर परदेशी नागरिक असून 'मी इथली मतदार आहे' असं मी लिहून दिलं असतं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात नागरिकत्वाचा खोटा दावा हा सर्वात जड गुन्ह्यांपैकी एक आहे. त्यावरून देशाबाहेर काढतात आणि परत यायची वाट जवळजवळ कायमची बंद होते. 'मला माहीत नव्हतं' यावर सुटका होईल असं धरून चालू नका. हाच धोका ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवरही असतो. तिथे फॉर्ममध्येच 'मतदार म्हणून नोंदणी करायची आहे का?' असा प्रश्न येतो आणि घाईत आपण 'हो' वर खूण करतो. करू नका. नागरिक, मतदार, निवासी हे शब्द दिसले की हात थांबवा, वाचा, आणि कळलं नाही तर कागद घरी न्या. आणि माझ्याबाबतीत घडला तो प्रकार, म्हणजे सही एकासमोर आणि साक्ष दुसऱ्याची, यात तुमचं नाव कागदावर नसलं तरी तुम्ही खोट्या कागदाला हातभार लावलेला असतो.

घाबरून मात्र जाऊ नका. पुढच्याच शनिवारी बाई स्वतः माझ्यासोबत बाजारात आल्या. बोलायचं मी. क्लिपबोर्ड त्यांच्या हातात, सही त्यांच्यासमोर आणि खाली साक्ष त्यांची. हे पूर्ण कायदेशीर आहे आणि खरं सांगायचं तर जास्त चांगलंही. मी वाशिष्ठी आणि दाभोळ खाडीबद्दल बोलायचे, त्या आपल्या गावच्या विहिरींबद्दल. लोक थांबायचे. उरलेल्या दिवसांत आम्ही दोघींनी माझ्या बाद झालेल्या सह्यांपेक्षा जास्त सह्या आणल्या. त्यामुळे व्हिसावर असाल तर एकटं जायचंच नाही. नोंदणीकृत मतदार शेजारी असल्याशिवाय क्लिपबोर्ड उघडायचा नाही.

पैशाचं थोडक्यात. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला तिथल्या कुठल्याही निवडणुकीत, अगदी राज्याच्या आणि गावच्याही, एक डॉलर देता येत नाही. पत्रकं स्वखर्चाने झेरॉक्स करून देणं हीसुद्धा देणगीच. वेळ द्या, पैसा नको. उलट बाजूने, काही प्रचारांत सहीमागे पैसे देऊन माणसं नेमतात. तेही घेऊ नका, ते विनापरवाना काम ठरतं. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम चालतं, तेवढ्यावरच राहा.

गुरू निवडताना माझं मत अगदी ठाम आहे. 'सगळे असंच करतात' म्हणणारा कितीही अनुभवी असला तरी त्याच्यापासून लांब राहा. भाषण छान करणारे, राजकारणातले डावपेच सांगणारे भेटतीलच. तुम्ही तारखेच्या रकान्यावर बोट फिरवणारी व्यक्ती शोधा. पर्यावरणाचं काम करणाऱ्यांत एक समज असतो की आपला हेतू चांगला आहे म्हणजे बारीकसारीक चालून जाईल. चालत नाही. छोट्या उमेदवाराला तर मुळीच नाही, कारण त्याच्या कागदात चूक शोधायला लोक टपलेलेच असतात.

या कामाने साधलं काय, हेही विचारतात. नोव्हेंबर २०१० मध्ये हॉकिन्स यांना सुमारे ६० हजार मतं मिळाली, एक-सव्वा टक्का. आपल्या भाषेत अनामत जप्त. पण गव्हर्नरपदाला ५० हजार मतं मिळाली की पक्षाला चार वर्षं मतपत्रिकेवर स्थान, असा तेव्हाचा नियम होता, त्यामुळे २०१४ मध्ये पुन्हा उन्हात उभं राहायची गरज पडली नाही. त्या वर्षी जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने इथाकाशेजारच्या ड्रायडन टाउनची फ्रॅकिंगबंदी वैध ठरवली. सप्टेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, फ्रॅकिंगविरोधी झेफिर टीचआउट यांनी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्याविरुद्ध सुमारे ३४ टक्के मतं घेतली. नोव्हेंबरमध्ये हॉकिन्स यांना जवळपास ५ टक्के पडली. १७ डिसेंबर २०१४ ला कुओमो सरकारने राज्यात फ्रॅकिंगवर बंदी जाहीर केली. बंदी आमच्या मतांमुळे आली असं मी म्हणणार नाही. गावोगावच्या बैठका, डॉक्टर, शेतकरी, न्यायालय, सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण डावीकडे किती मतं सरकली हे सत्तेतल्या माणसाला आकड्यात दिसलं, आणि ते मोजायची सोय मतपत्रिकेवर नाव असल्यामुळेच झाली, असं मला मनापासून वाटतं.

आता मात्र वाट अवघड झाली आहे. २०२० पासून सह्यांचा आकडा ४५ हजार झाला आणि स्थान टिकवायला दर दोन वर्षांनी १ लाख ३० हजार मतं किंवा २ टक्के, यातलं जे जास्त असेल ते मिळवावं लागतं. २०२२ मध्ये गव्हर्नरपदासाठी मतपत्रिकेवर दोनच नावं होती आणि हॉकिन्स त्यांत नव्हते. सह्यांची मुदतही आता एप्रिल-मेमध्ये येते, म्हणजे नेमकी तुमच्या परीक्षांच्या तोंडावर. जायचं ठरवलंत तर जानेवारीतच स्थानिक गटाला भेटा आणि पहिल्याच बैठकीत विचारा, माझ्यासोबत साक्षीदार कोण उभं राहणार? नाव सांगितलं तर त्या व्यक्तीचा शनिवार मोकळा आहे का तेही विचारून घ्या.