स्टार्ट-स्टॉप असलेली गाडी वापरताना या चुका टाळा

स्टार्ट-स्टॉप म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी आणि निघताना पुन्हा चालू करणारी यंत्रणा. पण कधी सिग्नलला गाडी उभी आहे, ब्रेक दाबलेला आहे, तरी इंजिन चालूच. लगेच 'स्टार्ट-स्टॉप बिघडलं' असं ठरवू नका. इंजिन बंद करण्याआधी यंत्रणा बरंच काही तपासते. इंजिन पुरेसं तापलंय का, एसीवर फार ताण आहे का, सीटबेल्ट लावलाय का, दार आणि बॉनेट नीट बंद आहेत का. डिझेल गाडीत डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळणं चालू असेल, तरीही इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडीत तर अनेकदा कारण आपल्याच पायाखाली असतं: गिअर न्यूट्रलला आणून क्लच पूर्ण सोडल्याशिवाय इंजिन बंद होत नाही.

मात्र गाडी चांगली तापल्यावरही आठवडेच्या आठवडे इंजिन थांबत नसेल, तर आधी बॅटरीवर संशय घ्या. बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती करंट गेला, किती आला, व्होल्टेज आणि तापमान किती, यावर त्याची नजर असते. इंजिन पुन्हा चालू करण्याइतका चार्ज उरेल याची खात्री नसेल, तर यंत्रणा ते बंदच करत नाही. सकाळी गाडी एका झटक्यात स्टार्ट होत असते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण बॅटरी थकत चालल्याची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते. रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल, तर बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. अशा वेळी एखादी लांबची फेरी किंवा चार्जर पुरतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्वस्त मिळते म्हणून साधी बॅटरी बसवणं. वारंवार स्टार्ट होणाऱ्या गाडीसाठी एजीएम किंवा ईएफबी या खास प्रकारची बॅटरी बनवलेली असते. साधी बॅटरी तिथे लवकर मरते. एजीएमच्या जागी एजीएमच घ्या. बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) नोंदवावी लागते, नाहीतर गाडी जुनीच बॅटरी समजून चार्जिंग करत राहते. हे काम झालं का, ते गॅरेजमध्ये आवर्जून विचारा.

चार्जर लावताना काळा चिमटा थेट निगेटिव्ह टर्मिनलला नको, बॉडीवरच्या अर्थिंग पॉइंटला लावा. नाहीतर सेन्सरला तो चार्ज दिसतच नाही.

स्टार्टर (इंजिन चालू करणारी मोटर) लवकर झिजेल या धास्तीने बटण दाबून स्टार्ट-स्टॉप कायम बंद ठेवायची गरज नाही. या गाड्यांचा स्टार्टर मुळातच जास्त मजबूत असतो. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असेल, तेव्हा मात्र बटण दाबून यंत्रणा खुशाल बंद ठेवा.

आणि बॉनेट उघडण्याआधी इग्निशन बंद कराच. शांत झालेलं इंजिन म्हणजे बंद केलेली गाडी नव्हे. इंजिनच्या फिरत्या पट्ट्याजवळ हात असताना ते चालू झालं, तर बोटं जाऊ शकतात.