अमेरिकेतील छोट्या कॉलेजांची गुणवत्ता शिष्यवृत्ती कशी शोधावी

अमेरिकेतील खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजांपैकी (म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतचे, अनेक विषयांचे शिक्षण देणाऱ्या छोट्या कॉलेजांपैकी) विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्ट ही अत्यंत नावाजलेली कॉलेजे केवळ गुणवत्तेसाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तिथली मदत कुटुंबाची ऐपत पाहून ठरते. म्हणून क्रमवारीची यादी हातात घेऊन शोधाला बसू नये. वुस्टर, डेनिसन, सेंटर, लॉरेन्स, नॉक्स अशी आपल्याकडे फारशी परिचित नसलेली कॉलेजे चांगले विद्यार्थी तिथे यावेत म्हणून शिष्यवृत्ती देतात, आणि शिकवण्यात ती कमी नाहीत.

कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ असे लिहून शोधल्यास बहुतेक कॉलेजांचा वार्षिक तक्ता सापडतो. त्यातील एच२ए या भागात, आर्थिक गरज नसतानाही किती विद्यार्थ्यांना कॉलेजने पैसे दिले आणि सरासरी किती, हे दिलेले असते. तो आकडा पहिल्या वर्षाच्या एकूण विद्यार्थ्यांशी ताडून पाहावा. चारशेंपैकी पाच जणांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर घराचा हिशेब मांडता येत नाही. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी एच६ हा भाग आधी वाचावा, कारण परदेशी विद्यार्थ्यांना दिलेली मदत तिथे स्वतंत्रपणे नोंदवतात. सी९ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचे सॅट या प्रवेशपरीक्षेतील गुण असतात. आपले गुण जिथे वरच्या पाव हिश्शात बसतात, तिथे आशा अधिक. कॉलेजांच्या संकेतस्थळांवरील नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता घरून किती भरावे लागेल याचा अंदाज देणारा गणक, तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना उपयोगी पडतो, परंतु पुण्याहून किंवा नागपुराहून अर्ज करणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

अनेक ठिकाणी प्रवेशअर्जच पुरतो. वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाच्या जॉन्सन शिष्यवृत्तीसारख्या मोठ्या शिष्यवृत्तीसाठी मात्र वेगळा निबंध लागतो आणि मुदतही लवकर संपते. ‘अर्ली डिसिजन’ने, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून लवकर निर्णय मिळवण्याच्या पद्धतीने, अर्ज केल्यास तिथेच प्रवेश घेण्याचे बंधन येते आणि इतर कॉलेजांच्या रकमांशी तुलना करण्याची संधी जाते, हे मुलांना आधीच समजावून सांगावे.

पत्र आले की आनंदाच्या भरात सही करू नये. समजा, वर्षाचा खर्च ८०,००० डॉलर, शिष्यवृत्ती ३५,००० डॉलर आणि खर्चातील वाढ दरवर्षी ४ टक्के आहे. शिष्यवृत्तीची रक्कम तेवढीच राहिली, तर पहिल्या वर्षी ४५,००० आणि चौथ्या वर्षी सुमारे ५५,००० डॉलर घरून भरावे लागतील. शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी किती जीपीए (कॉलेजमधील गुणांची सरासरी) लागतो आणि बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्यास कॉलेज स्वतःची रक्कम कमी करते का, हे दोन प्रश्न आर्थिक साहाय्य कार्यालयाला ईमेलने विचारून उत्तर लेखी घ्यावे.