सुपरहिरोंचे क्रॉसओव्हर वाचायचे कसे: कुठून धरायचं, काय सोडायचं

राज कॉमिक्सच्या हिंदी अंकांत नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव एकत्र आलेले ज्यांनी वाचलेत, त्यांना क्रॉसओव्हर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दोन हिरो, एक संकट, आधी आपसात मारामारी, मग मिळून खलनायकाची धुलाई. अमेरिकेतल्या मार्व्हल आणि डीसी या प्रकाशनांचा मोठा क्रॉसओव्हर, ज्याला तिकडं इव्हेंट म्हणतात, तो मात्र एका अंकात मावत नाही. एक मुख्य मालिका निघते आणि तिच्याच जोडीनं दहा-वीस चालू मालिकांमध्ये त्या गोष्टीचे फाटे फुटतात. या फाट्यांना टाय-इन म्हणतात. नवा वाचक अडकतो तो इथंच.

गोदावरी डोळ्यांसमोर आणा. मुख्य मालिका म्हणजे गोदावरी. सिंदफणा, पूर्णा, मांजरा हे टाय-इन. काही टाय-इन तर दुधनेसारखे असतात. दुधना थेट गोदावरीला येत नाही, आधी पूर्णेला मिळते. नांदेडच्या घाटावर उभं राहून नदी बघायची तर दुधनेच्या उगमापर्यंत चालत जायचं काही कारण नाही. पूर्णेचं पाणी कुठून येतं एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

पायरी १: पहिला इव्हेंट निवडा

बहुतेक जण सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या अंकात पुस्तक मिटून ठेवतात. इतिहास म्हणून क्रम असा: १९८२ मध्ये मार्व्हलची ३ अंकी ‘कॉन्टेस्ट ऑफ चॅम्पियन्स’ आली. १९८४ मध्ये जिम शूटर यांनी लिहिलेली १२ अंकी ‘सीक्रेट वॉर्स’ आली. मॅटेल कंपनीच्या खेळण्यांना जोड म्हणूनच ती काढली होती. १९८५ मध्ये लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांची १२ अंकी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ सुरू झाली. डीसीच्या कथांमध्ये समांतर पृथ्वींची एवढी गर्दी झाली होती की ती आवरण्यासाठीच ही मालिका लिहिली गेली. मोठं काम आहे, यात वाद नाही. पण ७व्या अंकात सुपरगर्ल आणि ८व्या अंकात फ्लॅश मरतो तेव्हा ही माणसं आधीपासून ओळखीची असावी लागतात. अनोळखी घरच्या मयतीला गेल्यासारखं वाचलं तर पदरात काही पडत नाही.

म्हणून पहिलं पुस्तक ‘सिव्हिल वॉर’. मार्क मिलर यांचं लेखन, स्टीव्ह मॅकनिव्हन यांची चित्रं, २००६-०७, फक्त ७ अंक. भांडण कायद्याचं आहे, त्यामुळे आधीचं फारसं ठाऊक नसलं तरी अडत नाही.

दुसरं ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’, १९९१, ६ अंक, लेखक जिम स्टार्लिन. सिनेमा पाहिलेल्यांना वाटतं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. ‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ या सिनेमात खलनायक थॅनॉसची अर्धं विश्व पुसणारी चुटकी शेवटी वाजते. कॉमिकमध्ये ती पहिल्याच अंकात वाजते आणि उरलेले पाच अंक नंतरच्या गोंधळाचे आहेत. त्याआधी ‘थॅनॉस क्वेस्ट’चे २ अंक वाचा, १९९० चे. ही ताकद देणारी सहा रत्नं थॅनॉसकडे कशी आली ते त्यात आहे, आणि मूळ मालिकेपेक्षा ते दोन अंकच जास्त रंगतात.

डीसीच्या बाजूनं शिरायचं असेल तर २०११ चा ५ अंकी ‘फ्लॅशपॉइंट’ घ्या. त्यासोबत बॅटमॅनचा ३ अंकी ‘नाइट ऑफ व्हेंजन्स’ सोडू नका.

‘एज ऑफ अपॉकलिप्स’चं नाव खूप ऐकू येतं. १९९५ मध्ये चार महिने एक्स-मेनच्या मालिका बंद ठेवून त्यांच्या जागी नव्या नावांनी पर्यायी जगातली कथा छापली होती. छान आहे, पण मूळचे एक्स-मेन माहीत नसतील तर काय बदललंय तेच कळत नाही. नंतर वाचा.

पायरी २: नाव, साल आणि लेखक तिन्ही जुळवा

एकाच नावाची अनेक पुस्तकं, हा या धंद्यातला सगळ्यात मोठा चकवा. ‘सीक्रेट वॉर्स’ १९८४ चं वेगळं आणि २०१५ चं वेगळं; मध्ये १९८५ चं ‘सीक्रेट वॉर्स २’ आहे, ते तिसरंच. ‘सिव्हिल वॉर २’ हे २०१६ मधलं स्वतंत्र भांडण आहे, पहिल्याचा उरलेला भाग नव्हे. डीसीकडे ‘क्रायसिस’ निदान चार ठिकाणी चिकटलाय: ऑन इन्फिनिट अर्थ्स, आयडेंटिटी, इन्फिनिट, फायनल. ‘इन्फिनिट क्रायसिस’ मागवायला जाऊन भलताच क्रायसिस घरी येणं ही नेहमीची गोष्ट. ‘इन्फिनिटी’चंही तेच: गॉन्टलेट १९९१, वॉर १९९२, क्रुसेड १९९३, आणि नुसतं ‘इन्फिनिटी’ २०१३. चौथं जोनाथन हिकमन यांचं आहे. आधीची तिन्ही स्टार्लिन यांची.

ऑर्डर टाकण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: नाव, साल, लेखक, मुख्य अंकांची संख्या. हिला दोन मिनिटं लागतात. चुकीचं पुस्तक परत पाठवायला आठवडा जातो.

पायरी ३: टाय-इन गाळून घ्या

मुखपृष्ठावर इव्हेंटचं नाव छापलंय म्हणून अंक गरजेचा ठरत नाही. खप वाढावा म्हणूनही ते छापतात. चाळणी दोनच प्रश्नांची. मुख्य मालिकेचा लेखकच हा टाय-इन लिहितोय का? आणि मुख्य मालिकेतला एखादा मोठा निर्णय प्रत्यक्षात इथं घडतोय का? दोन्हींना ‘नाही’ आलं तर अंक बाजूला ठेवा.

‘ब्लॅकेस्ट नाइट’ (२००९-१०) घ्या. मुख्य मालिका जेफ जॉन्स यांची, आणि त्याच वेळची ‘ग्रीन लँटर्न’ही त्यांचीच. ‘ग्रीन लँटर्न’ ४३ ते ५२ वगळले तर मुख्य मालिकेत पात्रं अचानक उगवतात आणि गायब होतात. वाचणाऱ्याला वाटतं लेखक घाईत होता. प्रत्यक्षात अर्धी गोष्ट शेजारच्या घरात चालू असते.

‘फायनल क्रायसिस’मध्ये (२००८) हीच चूक जास्त महागात पडते. ग्रँट मॉरिसन यांच्या ७ अंकांसोबत ‘सुपरमॅन बियाँड’ नावाचे २ अंक आहेत. ते ३ऱ्या अंकानंतर वाचले नाहीत, तर ७व्या अंकातला मँड्रॅक हा खलनायक आकाशातून पडल्यासारखा येतो. उलट त्याच इव्हेंटच्या आधी ‘काउंटडाउन’ नावाची ५१ अंकांची साप्ताहिक मालिका निघाली होती, अंक ५१ पासून १ पर्यंत उलटे मोजत. नावावरून वाटतं की ती वाचल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही. पुढं गेल्यावर मात्र मुख्य मालिकेशी तिचे धागे जुळत नाहीत. ती सोडा.

२०१५ च्या ‘सीक्रेट वॉर्स’ला ही चाळणी पुरत नाही. मुख्य ९ अंकांमागे हिकमन यांचेच ‘ॲव्हेंजर्स’चे ४४ आणि ‘न्यू ॲव्हेंजर्स’चे ३३ अंक उभे आहेत. एवढं जमणार नसेल तर निदान ‘टाइम रन्स आउट’ हा शेवटचा टप्पा वाचा: ‘ॲव्हेंजर्स’ ३५ ते ४४ आणि ‘न्यू ॲव्हेंजर्स’ २४ ते ३३.

पायरी ४: क्रम लावा

मुखपृष्ठावरच्या महिन्यावर विसंबू नका. छापलेला महिना प्रत्यक्ष विक्रीच्या साधारण दोन महिने पुढचा असतो. शिवाय मुख्य अंक उशिरा निघाले की टाय-इनची गाडीही घसरते; ‘सिव्हिल वॉर’मध्ये तसंच झालं होतं.

त्याच ‘सिव्हिल वॉर’चा क्रम लावून बघू. पहिल्या अंकात न्यू वॉरियर्स ही तरुण हिरोंची टोळी टीव्ही कार्यक्रमासाठी कॅमेरा घेऊन स्टॅमफर्ड गावात खलनायकांना पकडायला जाते. त्यातला नायट्रो स्वतःचा स्फोट करतो, शेजारी शाळा असते, ६०० हून अधिक माणसं मरतात. त्यातून हिरोंच्या सरकारी नोंदणीचा कायदा येतो. टोनी स्टार्क (आयर्न मॅन) कायद्याच्या बाजूनं, कॅप्टन अमेरिका विरोधात. सिनेमातलं कारण वेगळं आहे, ते डोक्यातून काढून टाका.

या इव्हेंटचा सर्वात जिवंत टाय-इन म्हणजे ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ५३२ ते ५३८. दोन्ही असे गुंफा: मुख्य अंक १ आणि २ सलग. मग स्पायडर-मॅन ५३२, ५३३. मुख्य ३, मग ५३४. मुख्य ४, मग ५३५. मुख्य ५, ५३६. मुख्य ६, ५३७. मुख्य ७, आणि शेवटी ५३८.

काळाचा हिशेब धरला तर ५३२ मुख्य २ च्या आधी बसतो, कारण पीटर पार्करच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, घरातली चर्चा त्यात आहे. अनेक याद्या तो तिथंच ठेवतात. तो आधी वाचला तर मुख्य २ च्या शेवटच्या पानाचा धक्काच निघून जातो. धक्का आधी, कारण नंतर: हा क्रम जास्त चांगला लागतो.

नायट्रोचा पाठलाग कोण करतं असा प्रश्न पडला, तर ‘वुल्व्हरिन’ ४२ ते ४७. हौस असेल तरच.

पायरी ५: विकत घेताना

सुटे अंक मागवू नका. जुने सुटे अंक संग्राहकांच्या भावानं जातात आणि पार्सलमध्ये कोपरे दुमडतात. संकलित खंड घ्या, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेलं पुस्तक. घेण्याआधी ‘कलेक्टिंग’ किंवा ‘कलेक्ट्स’ लिहिलेली ओळ शोधा: पुस्तकात ती मागच्या पानावर असते, ऑनलाइन वर्णनात. कोणते अंक आत आहेत ते फक्त तिथं कळतं. ‘ब्लॅकेस्ट नाइट’च्या मुख्य खंडात मुख्य अंकच आहेत, ‘ग्रीन लँटर्न’ ४३ ते ५२ साठी ‘ब्लॅकेस्ट नाइट: ग्रीन लँटर्न’ हा वेगळा खंड लागतो. ‘सिव्हिल वॉर’चं आणि स्पायडर-मॅनचं तसंच.

संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत एखादी फेरी मारायला हरकत नाही, पण हवा तोच खंड मिळेल असं धरून जाऊ नका. परभणी, हिंगोली, धाराशिवकडच्या वाचकाला ऑनलाइनच बरं. तिघा मित्रांनी मिळून एकानं मुख्य खंड, दोघांनी टाय-इन घेतले तर खर्च विभागतो.

मोबाइलवर वाचायचं तर मार्व्हल अनलिमिटेड हे वर्गणीचं ॲप आहे; नवा अंक छापून आल्यावर साधारण ३ महिन्यांनी त्यात येतो. डीसीचे खंड किंडलवर विकत मिळतात. रेंज जाते-येते अशा गावात अंक आधी उतरवून ठेवा. एक मात्र पाळा: पेरेझ यांची ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ची पानं मोबाइलवर वाचू नका. एकेका पानावर दहा-बारा चौकटी आणि प्रत्येकीत गर्दी. बोटांनी मोठं केलं की पानाची मांडणी हरवते, तसंच ठेवलं की अक्षर दिसत नाही. त्याला १० इंची टॅब किंवा कागदच हवा.

कागद घेतला की वाळवी आलीच. भिंतीलगतच्या लाकडी कपाटापेक्षा लोखंडी पेटी बरी. कपाटच असेल तर भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. वाळवलेला कडुलिंबाचा पाला चालतो, ओला घातला तर पानांना डाग पडतात. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पुस्तकं ठेवू नका, बांधणी सुटते.

पायरी ६: शेवटच्या अंकानंतर

इव्हेंटचा खरा परिणाम पुष्कळदा पुढच्या मालिकेत दिसतो. ‘फ्लॅशपॉइंट’नंतर डीसीनं सप्टेंबर २०११ पासून ५२ मालिका पुन्हा १ क्रमांकापासून सुरू केल्या, ‘न्यू ५२’ नावानं. तिथं जुनी नाती शोधत बसू नका, बरीचशी पुसलेली आहेत.

‘सिव्हिल वॉर’ संपलं की दुसऱ्याच दिवशी ‘कॅप्टन अमेरिका’ २५ वाचा. त्यात काय होतं ते इथं सांगत नाही. अडचण अशी की तो अंक ज्या खंडात मिळतो त्याच्या नावातच सगळं फोडून ठेवलंय. तेव्हा मित्राला तो खंड देताना आधी शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घाला.