टेक्सासच्या पाइन जंगलात फुकट टेंट टाकायचाय? आधी वर बघा

ह्यूस्टनकडच्या मंडळींसाठी सांगतेय, सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट तासाभराच्या ड्राइव्हवर आहे आणि तिथे नेमलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर साधा टेंट टाकायला पैसे लागत नाहीत, फक्त हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू झाला की ठरवून दिलेल्या जागीच राहावं लागतं म्हणून निघायच्या आधी रेंजर ऑफिसला एक फोन कराच, त्याच फोनवर फायर बॅन (आग पेटवायला बंदी) आहे का आणि त्या आठवड्यात कुठे मुद्दाम आग लावणारेत का तेही विचारून घ्या, कारण या जंगलात वाळका पाला ठरवून जाळतात, पाइनला ते मानवतं.

जागा निवडताना मान वर करा! बार्क बीटल (साल पोखरणारे किडे) लागून वाळलेलं झाड वाऱ्याशिवायही पडतं. शेंडा तपकिरी झालाय, सालीवर पॉपकॉर्नएवढे राळेचे गोळे दिसतायत, तर टेंट तिथून झाडाच्या उंचीच्या दीडपट तरी लांब टाका. बुंध्याला पट्टा रंगवलेला असेल तर ते एका दुर्मिळ सुतारपक्ष्याचं घर असू शकतं, जिवंत पाइन पोखरायला त्याला वर्षानुवर्षं लागतात हो, प्लीज तिथे नको.

चूल पेटवायची तर पाइनच्या गळलेल्या सुया (सुईसारखी पानं) बाजूला सारून खालची माती उघडी करा आणि निघताना पाणी ओतून राखेत हात घालून बघा, गार लागली तरच गाडीत बसा. पाणी घरून न्या, माणशी दिवसाला 4 लिटर. पँट मोज्यात खोचा, चिगर्स (गवतातले बारीक किडे) फार चावतात.