सायकलचे इंजिन मिसिंग मारते? दोष शोधण्याचा क्रम

सायकलच्या फ्रेममध्ये बसवायच्या चिनी टू-स्ट्रोक किटवर बहुधा ‘80 सीसी’ असे छापलेले असते. आत मोजले तर बोअर (सिलिंडरचा व्यास) 47 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 38 मिमी, म्हणजे 66 सीसी. त्याच किटचे 48 सीसीचे रूप मिळते, त्यात बोअर 40 मिमी आणि स्ट्रोक तोच. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, ऑइल पंप नाही, बॅटरी नाही. त्यामुळे ते खडखडत, अडखळत चालायची कारणेही मोजकीच. तरीही इंजिन बिघडले की लोकांचा स्क्रू ड्रायव्हर आधी कार्ब्युरेटरवर जातो. कार्ब्युरेटरची पाळी खरे तर पाचवी.

हाताशी 21 मिमीचा प्लग पाना, 10 मिमीचा पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, पेट्रोल मोजायला मापाचे भांडे आणि फवारा मारायची साबणाच्या पाण्याची बाटली ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चालवून पाहा. प्लग, कार्ब्युरेटरची सुई आणि पेट्रोल तिन्ही एकदम बदलले, तर इंजिन सुधारूनही दोष कशात होता ते कळत नाही.

पायरी 1: धक्का इंजिनाचा आहे की चेनचा?

सायकल स्टँडवर घ्या, क्लच दाबून अडकवा आणि इंजिन नुसते रेस करा. जागेवर ते स्वच्छ चालत असेल आणि रस्त्यावरच गचके येत असतील, तर इंजिनाला दोष देऊ नका. मागचे चाक हाताने फिरवून चेन पाहा. एका जागी ताणलेली आणि दुसऱ्या जागी सैल होत असेल, तर मोठे स्प्रॉकेट मध्यावर बसलेले नाही. चेनला 12 ते 15 मिमी ढील हवी. इंजिन फ्रेमला धरणारे नटही याच वेळी आवळा. इंजिन सैल असेल तर थरथरीने कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलला फेस येतो आणि इंजिनाला मधूनच पेट्रोल कमी पडते.

जागेवरही अडखळत असेल तर ते कधी होते हे लिहून ठेवा: आयडलिंगला, अर्ध्या थ्रॉटलला, पूर्ण थ्रॉटलला, की गरम झाल्यावर. पुढचा अर्धा तपास या नोंदीवर चालतो.

पायरी 2: पेट्रोल आणि ऑइल

टाकीतले पेट्रोल किती दिवसांचे आहे? आपल्याकडच्या पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि पाणी जास्त झाले की ते दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात. कोकणातल्या पावसाळ्यात महिनाभर उभ्या असलेल्या सायकलीचा हा नेहमीचा रोग. कार्ब्युरेटरची वाटी काचेच्या बरणीत रिकामी करा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले, तर टाकी, नळी आणि वाटी तिन्ही रिकामी करून ताजे पेट्रोल भरा. नळी फुगलेली, मऊ किंवा चिरलेली असेल तर तीही बदला.

ऑइल डोळ्यांच्या अंदाजाने घालू नका. नव्या इंजिनाला पहिले 500 किमी 16 ला 1, म्हणजे लिटरमागे सुमारे 62 मिली टू-टी ऑइल. नंतर 20 ला 1, म्हणजे 50 मिली. चांगले टू-टी ऑइल वापरणारे बरेच जण पुढे 25 ला 1 म्हणजे 40 मिलीवर येतात. ऑइल जास्त झाले की धूर येतो आणि प्लग चिकट होतो. शिवाय कार्ब्युरेटरच्या तेवढ्याच जेटमधून (पेट्रोलच्या बारीक भोकातून) जाणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटते, हे सहसा लक्षात येत नाही.

थोडे अंतर चालून इंजिन गळाठते आणि जरा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते, असे असेल तर टाकीचे झाकण ढिले करून चालवून पाहा. झाकणाचे हवेचे भोक बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही. पेट्रोल कॉकची जाळीही काढून धुवा.

पायरी 3: प्लग

किटसोबत येणारा प्लग काढून टाकलेलाच बरा. त्याच्या जागी एनजीके बी6एचएस बसतो. गॅप 0.6 मिमी ठेवा. नवा प्लग हाताने पूर्ण बसला की पान्याने अर्धा फेरा पुरे. जुन्या वॉशरवर नुसता घट्ट होईपर्यंत फिरवा, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि आटे गेले की काम वाढते.

प्लगचा रंग वाचायची रीत अशी. सपाट खासगी रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलने अर्धा किलोमीटर चालवा, मग एकाच वेळी क्लच दाबून किल स्विचने (हँडलवरच्या बंद करायच्या बटणाने) इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि प्लग काढा. आयडलिंगवर बराच वेळ ठेवून काढलेला प्लग खोटे सांगतो. चहासारखा तपकिरी रंग ठीक. काळा, ओला, काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरा, कोरडा, टोकाशी भाजल्यासारखा दिसला तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. असा प्लग दिसला की चालवणे थांबवा. पेट्रोल कमी पडलेले टू-स्ट्रोक इंजिन काही वेळ छान, हलके चालते आणि त्याच जोरात पिस्टन धरते, म्हणजे तो सिलिंडरमध्ये अडकतो.

पायरी 4: चोरून शिरणारी हवा

या किटमधल्या अडखळण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जाते, तिथे दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. वाटेत कुठेही फट असेल तर कार्ब्युरेटरला न विचारता हवा आत येते. लक्षणे ओळखू येतात: थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच उतरत नाही, आयडलिंग कधी वर कधी खाली जाते, स्क्रू कितीही फिरवला तरी एका जागी राहत नाही.

इंजिन आयडलिंगला ठेवून साबणाचे पाणी एकेका सांध्यावर फवारा. ज्या सांध्याशी आवाज बदलतो तिथे फट आहे. कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे काहीजण वापरतात, पण तो पेट घेतो आणि तापलेला सायलेन्सर फार लांब नसतो. पाणीच वापरा.

पहिला सांधा कार्ब्युरेटर आणि इनटेक पाइप यांचा. कार्ब्युरेटर पाइपवर सरकवून क्लिपने आवळलेला असतो आणि आवळूनही तो नीट बसतोच असे नाही. पाइपच्या टोकाशी बसेल अशी पेट्रोलला टिकणारी ओ-रिंग आत घाला. साधे सिलिकॉन लावू नका, पेट्रोलने ते सुटते आणि तुकडे आत जातात. दुसरा सांधा इनटेक पाइप आणि सिलिंडरचा. तिथे कागदी पॅकिंग असते. पाइपची चपटी बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा, म्हणजे ती सपाट होईल. मग नवे पॅकिंग टाका.

तिसरे हेड. त्याचे चार नट इंजिन थंड असताना, समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. 6 मिमीच्या स्टडला 10 ते 12 न्यूटन-मीटर, 8 मिमीच्या स्टडला साधारण 16. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना घ्या. लांब दांड्याने स्टड तुटतो.

उरले क्रँकचे दोन ऑइल सील, एक मॅग्नेटोमागे (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) आणि दुसरे क्लचच्या गिअरकडे. मॅग्नेटोचे झाकण उघडल्यावर आत ऑइल-पेट्रोल झिरपलेले दिसले, किंवा गिअरचे ग्रीस पातळ होऊन त्याला पेट्रोलचा वास आला, तर सील गेले. ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी 5: आता कार्ब्युरेटर

आधी चोक पूर्ण उघडा आहे का ते पाहा. एअर फिल्टरचा फोम रॉकेलमध्ये धुऊन वाळवा. कार्ब्युरेटर तिरका बसला असेल तर वाटीतली पातळी चुकते, तो सरळ करा. फ्लोट (वाटीतला तरंगता भाग) कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळले तर फ्लोट बाद. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे होते. मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याने आणि हवेच्या दाबाने साफ करा.

किटसोबतच्या साध्या कार्ब्युरेटरवर बाहेरून फिरवायचा एकच स्क्रू असतो. तो स्लाइड (थ्रॉटलने उचलला जाणारा कार्ब्युरेटरमधला दट्ट्या) वर-खाली करून आयडलिंग बदलतो, मिश्रण बदलत नाही. त्यामुळे तो फिरवून मिसिंग जाणार नाही. अर्ध्या थ्रॉटलचे मिश्रण ठरते स्लाइडमधल्या सुईने, तर पूर्ण थ्रॉटलचे मेन जेटने.

सुईला वरच्या टोकाशी खाचा असतात आणि एकीत क्लिप असते. क्लिप एक खाच वर घेतली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी होते. खाली घेतली की जास्त. अर्ध्या थ्रॉटलला इंजिन ‘बर्र-बर्र’ असे भरडते, जोर देत नाही आणि प्लग काळा आहे, तर पेट्रोल जास्त झाल्याने ते दर फेऱ्याऐवजी एक फेरा सोडून पेटते आहे. क्लिप एक खाच वर घ्या. थ्रॉटल उघडताच इंजिन दबत असेल आणि प्लग फिकट असेल, तर एक खाच खाली. पूर्ण थ्रॉटलला तीच तक्रार असेल तर जेट एकाच नंबरने बदला. महाबळेश्वरसारख्या सुमारे 1,350 मीटर उंचीवर हवा विरळ असते, म्हणून घाटाखाली नीट चालणारे इंजिन वर गेल्यावर भरडते. तिथे क्लिप वर घेतली असेल तर उतरण्याआधी परत खाली घ्या.

पायरी 6: करंट

गरम झाल्यावर एकदम फटफट, मग बंद, असे होत असेल तर विजेकडे वळा. किल स्विचच्या तारा सुट्या करून चालवून पाहा. मिसिंग गेले तर स्विच खराब. (मग इंजिन चोक लावून बंद करायचे.) मॅग्नेटोची निळी आणि काळी तार सीडीआयला (प्लगला ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) जाते. त्या सोडवून मल्टिमीटरने मोजल्या की 300 ते 400 ओहम यायला हवेत. आकडा शून्याजवळ आला किंवा आलाच नाही तर कॉईल बदला. पांढऱ्या तारेला काहीही जोडू नका, टेप गुंडाळून मोकळी सोडा. प्लगची टोपी तारेवर आट्याने बसते आणि थरथरीने सुटते. करंट पाहताना प्लग हेडला टेकवूनच धरा, नाहीतर सीडीआय जळू शकतो, आणि प्लगच्या भोकापासून दूर धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

पायरी 7: सायलेन्सर आणि कॉम्प्रेशन

इंजिन सुरू होते पण रेस घेत नाही, तर सायलेन्सरच्या शेवटची नळी काढून कार्बन खरवडा. सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टवरचा कार्बन पिस्टन खाली असताना लाकडी काडीने काढा, लोखंडी हत्याराने पिस्टनवर ओरखडे येतात. सगळे तपासूनही जोर नसेल, तर क्लच सोडून सायकल ढकला. मागचे चाक ठराविक अंतरावर अडले पाहिजे, तेच कॉम्प्रेशन. सहज फिरत असेल तर पिस्टनची रिंग झिजली आहे किंवा हेडचे पॅकिंग गेले आहे.

तपासणीची फेरी शेतात किंवा खासगी आवारात मारा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची आणि 25 सीसीपर्यंतचीच वाहने वगळली आहेत. 48 आणि 66 सीसी दोन्ही त्या मर्यादेबाहेर आहेत, त्यामुळे नोंदणीशिवाय ही सायकल सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही.