कांदा, गाल आणि दही: तीन पेशी एकाच टेबलावर

पुस्तकातल्या आकृतीत जीवाणू, वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी शेजारी शेजारी जवळपास सारख्याच आकाराच्या छापलेल्या असतात. मुलांच्या मनात घोळ सुरू होतो तो तिथूनच. कांद्याची पेशी साधारण ३०० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लांब, गालाची ६० मायक्रॉन, तर दह्यातला जीवाणू जेमतेम १ मायक्रॉन जाड. म्हणून तिन्ही नमुने सूक्ष्मदर्शकाखाली एकाच बैठकीत पाहावेत.

सुरुवात लाल कांद्याने करा. पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा गुलाबी पापुद्रा चिमट्याने सोला, नखाएवढा तुकडा काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरा आणि कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) एका कडेने तिरकी टेकवत सावकाश सोडा. सपाट टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचे ते गोल म्हणजे पेशी नव्हेत. १० च्या भिंगाखाली विटांसारखी मांडणी दिसेल. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा (१०० मिलि पाण्यात १० ग्रॅम मीठ) आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. काही मिनिटांत गुलाबी भाग आक्रसून मध्ये गोळा होतो, बाहेरची चौकट मात्र जागची हलत नाही. चौकट ही पेशीभित्तिका. आक्रसलेल्या भागाची कड म्हणजे प्रद्रव्यपटल (भित्तिकेच्या आतलं नाजूक आवरण), आणि गुलाबी रंग रिक्तिकेतला, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतला. या दोन आवरणांतला फरक इथे अगदी स्वच्छ दिसतो. केंद्रकासाठी आतल्या बाजूचा रंगहीन पापुद्रा घेऊन त्यावर आयोडीनचा एक थेंब टाका. हरितलवकं (अन्न तयार करणारे हिरवे कण) इथे शोधू नका, कांदा उजेडाआड वाढतो. त्यासाठी हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान घ्या.

गालाच्या पेशींसाठी स्वच्छ कापसाच्या काडीने गालाची आतली बाजू हलकेच घासा आणि ती ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात फिरवा. वर मिथिलीन ब्लूचा एक थेंब, दोन मिनिटं थांबा, मग कव्हरस्लिप. प्रत्येकाची काडी वेगळी हवी आणि वापरल्यावर ती ब्लीचिंगच्या द्रावणात जायला हवी. पेशी वेड्यावाकड्या, कडेला दुमडलेल्या दिसतात, कारण त्यांना भिंत नाही. मध्ये गडद निळं केंद्रक. आता ४० च्या भिंगाने त्याच पेशीच्या पृष्ठभागावर नीट पाहा: निळे बारीक ठिपके, कुठे जोडीने, कुठे साखळीत. हे तोंडातले जीवाणू. प्राणी पेशी आणि जीवाणू एकाच चौकटीत! रंगाचे कण यांच्यासारखे एका मापाचे नसतात, त्यावरून ते ओळखता येतात.

दही थेट लावलं तर प्रथिनांच्या गाठीही रंग घेतात आणि सगळं निळं गिचमिड होतं. म्हणून वरच्या निवळीचा छोटा थेंब पातळ पसरा, हवेत पूर्ण वाळू द्या, मग काचपट्टी ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवा. तळहातामागे चटका बसेल इतकी तापवू नका, जीवाणूंचा आकार बिघडतो. मिथिलीन ब्लू एक मिनिट ठेवून धुवा, टिपून घ्या, वर सूक्ष्मदर्शकाच्या खास (इमर्शन) तेलाचा थेंब टाकून १०० चं भिंग लावा. काड्या आणि मण्यांच्या माळा दिसतील.

काडीसारख्या जीवाणूत वेगळं केंद्रक दिसणार नाही. डीएनए आहेच, पण पटलाने वेढलेला नाही. रायबोसोम (प्रथिनं बनवणारे अतिसूक्ष्म कण) या सूक्ष्मदर्शकात कुठल्याच पेशीत दिसत नाहीत, तेव्हा "पाहिले" असं वहीत लिहू नका. भिंत जीवाणूलाही असते, पण कांद्यासारखी सेल्युलोजची नाही, पेप्टिडोग्लायकनची. पेनिसिलिन तिचीच बांधणी अडवतं, म्हणून भिंत नसलेल्या आपल्या पेशी त्यातून सुटतात.

वहीत १ मायक्रॉनला १ मिलिमीटर हे माप धरा. कांद्याची पेशी फूटपट्टीएवढी, गालाची ६ सेंटिमीटर, जीवाणू तांदळाच्या कणीएवढा. आणि त्याच्या आत तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) काढू नका: याच मापाने ती स्वतःच मिलिमीटरभर जाड होते, आणि जीवाणू तिचं काम आपल्या पटलावरच उरकतो.